भुकेलं पाणी

आमच्या नळाला येणारं पाणी बाबांनी तीस वर्षं गाळलं. जलशुद्धीकरण केंद्रातले वाळूचे थर, तुरटी, क्लोरीन, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. म्हणून मी ओट्याखाली आणखी चार गाळण्या बसवल्या, तेव्हा त्यांना ते लागलंच.

"अख्ख्या शहराने प्यायलं आमचं पाणी. तुझ्या दोन माशांनाच तेवढं बाधतं होय, शास्त्रज्ञबाई?"

"बाबा, क्लोरीनने मासे मरतात. आणि जास्त क्षारांत या जातीची अंडी फुटत नाहीत."

काचेच्या टाकीत चपट्या, बशीएवढ्या माशांची एक जोडी होती. तीनदा अंडी पांढरी पडून वाया गेली होती. "घरच्या नळावर ही जात वाढत नाही, ताई," मासेवाला म्हणाला होता. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. ते वाक्य माझ्या मनातून जाईना.

पहिली गाळणी गाळ अडवते, दुसरी कोळशाची, तिसरी बारीक पडद्याची. चौथी उरलेसुरले क्षार काढते. रविवारी सकाळी मी पाण्यात क्षार मोजायचा मीटर बुडवला. शून्य. सेल बदलून पुन्हा बुडवला. शून्य. अशा पाण्यात चिमूटभर क्षार परत मिसळायचे असतात, हे मला ठाऊक होतं. पण तो आकडा मोडवेना. पाणी तसंच टाकीत ओतलं.

बाबांनी मीटर हातात घेऊन आकडा वाचला.

"असल्या पाण्याला आम्ही भुकेलं म्हणायचो. पोटात काही नसतं त्याच्या. पाइप खातं ते."

सोमवारी बादलीवरच्या लिटरच्या खुणा गेल्या. मंगळवारी टाकीतले रंगीत खडे राखाडी झाले. बुधवारी पाणी ओतलं, तर ओतल्याचा आवाज आला नाही. मी तिन्ही गोष्टी वेळेसकट वहीत लिहिल्या.

जोडीने चौथ्यांदा घातलेली अंडी गुरुवारी फुटली. फोटो मोठा करून पिल्लं मोजली: त्रेसष्ट.

मी मासेवाल्याला फोन केला. "मानलं, ताई. आता जपा. पोहायला लागली की ती आई-बापाच्या अंगावरची चिकट साय खातात. दुसरं काही तोंडात घेत नाहीत."

रविवारी ती पोहायला लागली. पण जोडीचं अंग घासलेल्या ताटासारखं गुळगुळीत होतं. पिल्लं चिकटत आणि घसरून पडत. दुपारपर्यंत अकरा तळाशी गेली. मी टाकीसमोरून हलले नव्हते. माझ्या हातात काही नव्हतं.

"मेलेली तरी काढतो," म्हणत बाबांनी बाही सारली आणि हात पाण्यात घातला.

बावन्न पिल्लं एकदम वळली.

ती बाबांच्या मनगटाला जाऊन चिकटली. बारीक तोंडं हलायला लागली.

"बाबा, हात काढा."

"थांब गं. खातायत."

"दुखतंय?"

"छे! गुदगुल्या होतायत." त्यांचा चेहरा उजळला होता. "तीस वर्षं एवढ्या लोकांना पाणी पाजलं. असं बिलगलं कोणी नाही."

मी त्यांना बसायला स्टूल दिलं. पिल्लांची पोटं गोल होत चालली होती. मी पुन्हा मोजली. बावन्न. एकही कमी नाही. माझ्या नळावर, माझ्या घरात. मी आकडा वहीत लिहिला.

"काढू का आता?" बाबांनी विचारलं.

"थोडा वेळ राहू द्या," मी म्हणाले.

नर मासा बाबांच्या मनगटामागून संथपणे पलीकडे गेला.

मनगटाआड असतानाही तो मला पूर्ण वेळ दिसत होता.