मार्थाची मानलेली लेक

पाणी इतकं गोड असतं हे मेरेलिन साफ विसरून गेली होती.

बोटीतून उतरलेली अंबाए बेटाची माणसं किनाऱ्यावर आपापली गाठोडी शोधत होती, आणि ती मात्र खळखळाटाचा माग काढत झाडीत शिरली होती. ओढा! चांगला गुडघाभर, तळाचा खडा न् खडा दाखवणारा. गेले दोन महिने त्यांच्या डोंगराने राख ओकून ओकून सगळं करडं करून टाकलं होतं — बागा, छपरं, टाक्यांतलं पाणी, तोंडातला घाससुद्धा. शेवटी सरकारने सगळ्यांनाच हलवलं. मेरेलिन आणि तिच्या आईच्या वाट्याला आलं ते समोरचं माएवो बेट.

ती ओढ्यातल्या दगडांवर बसली, ओंजळीने पोटभर प्यायली आणि मग डोकंच पाण्यात बुडवलं. वरून बारीक पाऊस झरत होता. केसांतून राखेचे ओघळ निघाले, वाहून गेले...

"थोडं आमच्यासाठी ठेव की!"

ती दचकली. काठावर एक उंच तरुण उभा होता. पोटऱ्यांपर्यंत चिखल, डोक्यावर केळीचं पान.

"ओढा तुझ्या बापाचा आहे?"

"बापाचा कुठला! आईचा. या बेटावर सगळं आईकडूनच येतं." तो गंभीरपणे म्हणाला. "आणि तू ज्यावर बसलीस ना, तो माझ्या पाटाचा बांध आहे. तो दाबून टाकलास. खाली अळूचे तीन वाफे कोरडे पडलेत."

मेरेलिन टुणकन उठली, घसरली आणि कमरेइतक्या पाण्यात बसली. तो हसला नाही. म्हणजे, हसू दाबण्यासाठी त्याने केळीचं पान तोंडासमोर धरलं. मग तेच पान तिच्यापुढे केलं.

"घे. पाऊस वाढतोय... अरे! तुझे केस काळे आहेत?"

"मग कसले असणार?"

"मी मघापासून बघतोय. मला वाटलं कोणी आजीबाई आल्यात."

त्याचं नाव हेन्सली. आणि योग असा, की त्याच्याच आईने, मार्थाने, या मायलेकींना आपल्या अंगणातली झोपडी दिली. "एका कोपऱ्यात गळतं," मार्था म्हणाली, "पण तीन कोपरे कोरडे आहेत. माझ्या लहानपणी वादळाने आमची बाग धुऊन नेली, तेव्हा तुमच्या किनाऱ्यावरून होडीभर कोनफळं आली होती. मी ती खाऊन वाढलेय. तेव्हा आभार मानू नका, बसा."

आईचे डोळे भरून आले. पण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिने लेकीच्या कानात सांगितलंच, "हे बघ, माणसं देवासारखी आहेत. पण माएवोच्या माणसाला दुखवायचं नाही. आणि तरुण पोराच्या हातचं काही खायचं नाही. मंतरून देतात."

दुसऱ्याच दिवशी हेन्सली किसलेल्या कंदाचा, पानात गुंडाळून भाजलेला गरम लापलाप घेऊन आला. नारळाच्या दुधाचा वास दरवळला. मेरेलिन पानाकडे बघत राहिली.

"काय झालं?"

"तू... जादूटोणा करतोस?"

"कोणी सांगितलं?"

"सगळं अंबाए सांगतं."

"मला येत असता, तर रानडुकरांनी माझं अळू खाल्लं असतं?" तो उकिडवा बसला. अर्धा लापलाप मोडून स्वतः खाल्ला आणि उरलेला पुढे केला. "घे. आता मंतरलेलं असेल तर दोघंही मंतरू."

तिने खाल्लं. आणि खरं सांगायचं तर, त्या दिवसापासून काहीतरी झालंच...

पाच महिने गेले. माएवोवर रोज पाऊस, आणि रोज पाटाला काहीतरी काम. मेरेलिन बांध घालायला शिकली, चिखलात पाय रोवून अळूचे कोंब लावायला शिकली. अंबाएच्या उभ्या उतारावर असं पाणी खेळवणं तिने कधी पाहिलंही नव्हतं. त्या बदल्यात ती त्याला आपल्या बेटाच्या गोष्टी सांगायची.

"आमच्या डोंगराच्या माथ्यावर तळं आहे. गेलेली माणसं तिथे राहायला जातात."

"मग त्यांना राख उडवायला काय झालं?"

"तुझ्यासारखा कोणी बडबड्या गेला असेल. वैतागली असतील!"

आई दिवसभर केवड्याच्या पातींच्या चटया विणायची. एकदा ती सहज म्हणाली, की अंबाएचा लाल रंग ज्या मुळीने चढतो ती इथे मिळत नाही. हेन्सलीने ते ऐकलं आणि दिवसभर गायब झाला. कडेच्या डोंगरावरून, काट्यांनी ओरबाडून घेत, संध्याकाळी पोतंभर मुळ्या घेऊन परतला. आईने मोठ्या कौतुकाने त्या उकळल्या, चटई बुडवली आणि बाहेर काढली — पिवळीधम्मक!

सगळे पोट धरून हसले. हेन्सलीचे कान लाल झाले. "निदान कान तरी लाल झाले," मेरेलिन त्याला हळूच म्हणाली. पण रात्री ती चटई तिने आईकडून मागून घेतली आणि स्वतःच्या अंथरुणावर घातली.

दोघांनी एकमेकांना काही म्हणून म्हटलं नव्हतं. तो पाटाच्या त्या काठावरून बघायचा, ती या काठावरून. तिची नजर वळली की तो एकदम खाली वाकून नसलेलं तण उपटायचा.

मग बातमी आली. डोंगर शांत झालाय, अंबाएच्या लोकांनी घरी जायला हरकत नाही.

झोपड्यांतून आनंदाच्या आरोळ्या उठल्या. जाण्याआधी शनिवारी मोठं जेवण करायचं, यजमानांना चटया भेट द्यायच्या असं ठरलं. आणि त्याच संध्याकाळी चुलीपाशी बसलेली मार्था म्हणाली, "ताई, मीही एक ठरवलंय. मला लेक नाही. शनिवारी सगळ्या गावासमोर मेरेलिनपुढे अळूचा कंद ठेवून मी तिला लेक मानणार. माझं कूळ तिचं कूळ. पुन्हा कधी डोंगर खवळला, तर तिला इथे कोणाच्या दारात उभं राहायला नको. हक्काची जमीन असेल."

आईने मार्थाचे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले.

मेरेलिन हसली. हसायलाच हवं होतं. पण समोर हेन्सलीच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं होतं. मार्थाची लेक म्हणजे हेन्सलीची बहीण. आणि इथे बहीणभाऊ वयात आले की चेष्टामस्करी तर सोडाच, एका पाटावर कामही करत नाहीत. बहीण दिसली की भाऊ वाट सोडून जातो.

दुसऱ्या दिवशी ती पाटाकडे आली, तर तो खरंच वाट सोडून जायला निघाला.

"हेन्सली!"

तो थांबला. वळला नाही. "शनिवारपासून सवय करायचीच आहे... तर आजपासूनच करतोय."

"तुझ्या आईला सांग ना काहीतरी."

"काय सांगू? तू देतेयस ते नको, असं? तिने आज पहाटेच उठून तुझ्यासाठी सगळ्यात मोठं अळू निवडलंय, मेरेलिन. आणि..." तो अडखळला. "आणि तू इथली होशील. निदान तुझी जमीन तरी इथे असेल. मला तेवढं — पुरेल."

"मला नाही पुरणार," ती म्हणाली आणि तडक मागे फिरली.

मार्था परसात नारळ खवत होती. मेरेलिन तिच्यासमोर जमिनीवर बसली. ज्या बाईने छप्पर दिलं, घास दिला, तिला नाही म्हणायचं होतं.

"मावशी, मला तुमची लेक व्हायचं नाही."

खवणी थांबली. मार्थाचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

"माझं काय कमी पडलं, पोरी?"

"काहीच नाही. या पाच महिन्यांत मी एकदा उपाशी झोपले नाही, एकदा भिऊन उठले नाही. तुमचे उपकार सात जन्मांत फिटायचे नाहीत. पण... मी तुमची लेक झाले, तर हेन्सली माझा भाऊ होईल."

"होईलच की! चांगला भाऊ—" मार्था थांबली. तिने मेरेलिनकडे बघितलं. मग पाटाच्या दिशेने बघितलं. मग पुन्हा मेरेलिनकडे. "हात्तिच्या! आणि तो गाढव? तोंडात काय अळू धरून बसला होता?"

"तो तण उपटतो," मेरेलिन म्हणाली आणि रडू लागली.

मार्थाने नारळाने माखलेले हात झग्याला पुसले आणि तिला जवळ ओढलं. मग मोठा सुस्कारा सोडला.

"म्हणजे मला आता तिच्या दारात जावं लागणार."

ती म्हणजे रोझिना, मार्थाची नणंद. इथे कुळं दोनच; मूल आईच्या कुळातलं, आणि लग्न नेहमी दुसऱ्या कुळात. मार्थाचं एक, तिच्या नवऱ्याचं नि नणंदेचं दुसरं. लग्न व्हायचं तर मेरेलिनला त्या दुसऱ्या कुळातल्या बाईनेच लेक मानायला हवं. आणि बागेत शिरलेल्या एका डुकरावरून या नणंद-भावजया दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

रोझिना दारातच बसली होती. तिने भावजयीला मेरेलिनचा हात धरून येताना पाहिलं आणि मुद्दाम आकाशाकडे बघायला लागली.

"वन्सं," मार्था म्हणाली.

"आज सूर्य कुठे उगवला?"

"चूक माझी होती. डुक्कर माझं होतं आणि कुंपणही मीच उघडं टाकलं होतं."

रोझिनाचं तोंड उघडंच राहिलं. "दोन वर्षांत हे सुचलं नाही ते?"

"सुचलं होतं, पण पाय निघत नव्हता. आज माझ्या हेन्सलीसाठी निघाला. तुमच्या भाच्यासाठी." मार्थाने मेरेलिनला पुढे केलं. "शनिवारी हिला पदरात घ्या. मला लेक हवी होती... पण सून मिळत असेल तर मी हट्ट कशाला करू?"

रोझिनाने मेरेलिनला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अळू लावता येतं?"

"येतं, आत्या."

"आत्या नाही," रोझिना करड्या आवाजात म्हणाली. "आई म्हणायची सवय कर. आणि वहिनी, तुम्ही उभ्या का? तुम्ही आला नाहीत, म्हणून गेली दोन वर्षं या घरात कोणी धड हसलं नाही. बसा."

शनिवारी रोझिनाने सगळ्या गावासमोर मेरेलिनपुढे अळू ठेवलं. ते मार्थाने निवडलेलंच होतं, बेटावरचं सगळ्यात मोठं. अंबाएच्या बायकांनी चटयांवर चटया अंथरल्या. मेरेलिनच्या आईने घरून वाचवून आणलेली एकुलती एक लाल चटई उलगडली. तिच्या मनात ती लेकीच्या लग्नासाठी होती. ती तिने मार्था आणि रोझिना दोघींच्या खांद्यांवर मिळून टाकली. "आता एक चालायला लागली की दुसरीला उठावंच लागेल," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा सगळं गाव तिच्या विनोदाला हसलं.

हेन्सलीने आपणहून जाहीर केलं, की पहिलं वर्ष तो अंबाएला जाईल. सासूची बाग राखेतून उभी करायची आहे. लग्न ती उभी राहिल्यावर.

सोमवारी बोट निघाली. खाडी ओलांडल्यावर लाटा उंच झाल्या आणि ओढ्याकाठी वाढलेल्या हेन्सलीचा चेहरा हळूहळू हिरवा होत गेला. तो बोटीच्या काठावर ओणवा झाला. मेरेलिनने एका हाताने त्याचा शर्ट धरला, दुसऱ्याने पाठ चोळली.

"परत जायचंय?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. पुन्हा ओणवा झाला. मग डोळ्यांतलं पाणी पुसत, धापा टाकत म्हणाला, "मेरेलिन... माझं तुझ्यावर... फार प्रेम आहे."

ती बघतच राहिली. "अरे, दोन गावं जेवली, दोन आया भांडण विसरल्या — आणि हे तू आत्ता सांगतोस?"

"इतके दिवस पोटात ठेवलं होतं," तो कसाबसा म्हणाला. "आज पोटात... काहीच राहत नाहीये."

मेरेलिन इतकी हसली की पुढे बसलेली आई मागे वळून बघू लागली. तिने शहाळ्याचं तोंड उघडून त्याच्या ओठांना लावलं, त्याचे घामेजलेले केस मागे सारले.

"माझंही आहे," ती म्हणाली. "त्या लापलापपासून."

समोर अंबाए दिसू लागलं होतं. राखेने करडे पडलेले उतार, आणि त्यांच्यावर कुठे कुठे, अगदी खालच्या अंगाला, वेलींची कोवळी पोपटी बोटं. आईने हात जोडले. हेन्सलीने शहाळं बाजूला केलं, डोळे किलकिले करून त्या डोंगराकडे पाहिलं, आणि मेरेलिनचा हात घट्ट धरून ठेवला.