सहावा राघू

दिवाळी सरली की हेमाताई बारशाला बाळाला घालायची घरची जुनी कुंची बाहेर काढत. वारज्याच्या फ्लॅटला अंगण नव्हतं, पण भरतकामाला ऊन चालतच नाही. सावलीतला वारा लागतो, आणि तो गॅलरीत भरपूर होता. मलमलीतून कुंची सोडवायची. गेल्या वर्षीची घडी मोडून नवी दुसरीकडे घालायची, म्हणजे रेशीम एकाच रेघेवर चिरत नाही. वेखंडाचे तुकडे बदलायचे. डांबराच्या गोळ्या मुळीच नाहीत, जरतार काळी पडते. तेहेतीस वर्षं यात खंड नव्हता.

२००४ साली मलमल रिकामी निघाली.

“अहो आई, सरप्राइज होतं ते!” सून उत्कर्षा म्हणाली. सातवा महिना, नुकतीच हिंजवडीच्या कंपनी बसमधून उतरलेली. “बुटीकमध्ये दिलीय. ड्रायक्लीन करून देतील. बाळाचं बारसं झालं की फ्रेम करून हॉलमध्ये लावू.”

“वा. मलाही घ्या एकदा धुऊन. टांगा शेजारी.”

त्यांचा मुलगा आमोद हसला. हेमाताई हसल्या नाहीत.

चार दिवसांनी कुंची आली, प्लास्टिकच्या पिशवीत. इस्त्री थेट भरतावरून फिरवलेली. हिरव्या रेशमावरचे राघू पापडासारखे चपटे झाले होते. हेमाताई संतापानं एकेक राघू नखानं उचलून बघू लागल्या. मग त्यांना सहावा राघू दिसला.

घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचा कुंचीवर एक राघू होता. मूल जन्मलं की राघू भरायचा, डोळा मात्र मोकळा सोडायचा. बाराव्या दिवशी नाव ठेवलं की मगच डोळ्याचा टाका. सातवा राघू आमोदचा. सहावा हेमाताईंच्या पहिल्या मुलीचा. ती नवव्या दिवशी गेली. हेमाताई सुई ओवून बसल्या होत्या, तर सासूबाईंनी, वेणूबाईंनी, ती हातातून काढून घेतली. “बारसं झालं नाही, डोळा कशाला?” पोरीचा फोटो नव्हता, नाव नव्हतं. ती मोकळी जागा तेवढी होती.

तिथे आता काळा डोळा होता.

“मॅडम, आम्ही एक टाका घातलेला नाही,” बुटीकची बाई फोनवर म्हणाली. “डोळा होताच की आधीपासून.”

“तुम्ही मला सांगणार? मला?” हेमाताईंनी फोन आपटला आणि बारीक कात्री घेतली.

धागा नवा नव्हता. उडालेला, तपकिरीकडे झुकलेला काळा. मागची गाठ उलटी. हेमाताई डावखुऱ्या, त्यांची गाठ तशी बसायची. निघालेल्या धाग्याला दुधाचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा जागेवर होता.

“उत्कर्षा, ही थट्टा बंद कर.”

“मी? मला शर्टाचं बटण लावता येत नाही, आई!”

हे खरंच होतं. त्यानं संताप आणखी वाढला. त्यांनी टाका पुन्हा उसवला. तिसऱ्या सकाळी तो पुन्हा तिथेच. या वेळी त्यांनी तो ओरबाडून काढला. “बारसं झालं नव्हतं तुझं!” त्या ओरडल्या. खोलीत कुणी नव्हतं. शब्द वेणूबाईंचे होते. त्यांनी कात्री खाली ठेवली.

त्यानंतर डोळा आला नाही.

जानेवारीत उत्कर्षाला मुलगी झाली. हेमाताईंनी आठवा राघू भरला. बाराव्या दिवशी बाळाला कुंची घातली, कानात ‘अवनी’ नाव सांगितलं. पाहुणे जेवायला बसल्यावर हेमाताईंनी डोळ्याचा टाका घातला. नवं रेशीम, दुहेरी, घट्ट. फ्रेमचा विषय कुणी काढला नाही.

दुसऱ्या सकाळी त्यांनी कुंची मलमलीत गुंडाळायला घेतली.

सहाव्या राघूला डोळा होता. चकचकीत काळा. नव्या, दुहेरी रेशमाचा.

आठव्याला नव्हता.

त्या जागेवर त्यांनी नख फिरवलं. कापड गुळगुळीत होतं. सुईचं भोकसुद्धा नाही.

“आई, या ना,” उत्कर्षा आतून हसत म्हणाली. “कधीची टक्क जागी आहे. आणि कपाळाला आठ्या बघा केवढ्या! कुणावर एवढी चिडलीये?”

हेमाताई पाळण्यापाशी गेल्या. बाळ त्यांच्याकडेच बघत होतं.

त्यांनी डावा हात पुढे केला. ज्या बोटात कात्री धरून त्यांनी तीनदा टाका उसवला, नेमकं तेच बोट बाळानं मुठीत धरलं.

उत्कर्षानं सोडवून बघितलं. मग आमोदनं. सुटेना.