हवेत चाललेली कात्री

एक बोट

"एकच बोट," मी म्हणाले. "तुमचं नाही, माझं."

आणि करंगळी पुढे केली.

आरशातल्या माणसाने करंगळी गंभीरपणे पाहिली. हसू मात्र त्याला लपवता आलं नाही.

खरं तर मी ताईबरोबर नुसती आले होते. पार्लरवाल्या बाईंचा हात मुरगळला होता, म्हणून त्यांचा भाचा कात्री धरत होता. ताईचे केस झाले आणि तिने मला खुर्चीत ढकललं. "हिची टोकं बघा हो. नुसता खराटा झालाय!"

खराटा. सहावीत माझ्या डोक्यात उवा झाल्या, तेव्हा आई म्हणाली होती, "दोनच बोटं कापते." आणि कानापर्यंत भादरलं. वर्षभर वर्गात माझं तेच नाव होतं. आता केस पाठीच्या मध्यापर्यंत आलेत. कमरेपर्यंत न्यायचेत. कात्री दिसली की अजून तळहात भिजतात.

"टोकं दुभंगलीत," तो म्हणाला. "वाढवायचे असतील तर कापायला हवेत."

"म्हणजे जाड व्हायचं तर उपाशी राहायचं!"

"श्वास घ्या."

"घेतेय की."

"घेताय... सोडत नाही आहात."

कच्.

अर्धं बोट

(दोन महिन्यांनी. ताई बरोबर नाही.)

"आज अर्धंच."

"अर्धं बोट म्हणजे नुसतं नख."

"मग नखच."

"अहो, मी काय डोकं मागतोय?"

"हातात कात्री असलेल्या माणसाने असलं बोलू नये!"

तो खळखळून हसला. हसता हसता त्याचं बोट माझ्या मानेला लागलं — चुकूनच — आणि मला भीती वाटली. पण ही कात्रीची नव्हती. ही नवीनच होती.

नख

कच् कच् कच्. मी हळूच खाली पाहिलं. अंगावरचं कापड पांढरं स्वच्छ. एक केस नाही!

कात्री हवेत चालली होती.

मी गप्प राहिले. केस वाचले होते. शिवाय... तो इतक्या मन लावून हवा कापत होता!

"काय रे," गल्ल्यावरून त्याची पार्लरवाली आत्या ओरडली, "आज केर काढायला काहीच नाही?"

त्याचे कान लाल झाले.

पुढच्या खेपेलाही तसंच. कापड पांढरंच.

भिंग

मी घड्याळं दुरुस्त करते. एका दुपारी काम करताना एक केस तुटून घड्याळाच्या काट्यांवर पडला. डोळ्याला भिंग होतंच.

टोक दुभंगलेलं नव्हतं. अख्खा केस दुभंगला होता. चीर वर वर चढत गेलेली.

दुसरा पाहिला. तोही. तिसरा —

मी भिंग काढलं. पर्समध्ये टाकलं.

चार बोटं

"माझं घड्याळं दुरुस्त करायचं भिंग. बघा," म्हणत मी ते त्याच्यापुढे धरलं.

त्याने बराच वेळ पाहिलं. "मला माहीत होतं. चीर थांबवायची तर तिच्या वरून कापावं लागतं. आणि मी..."

"हवा कापत होतात. पाहिलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कापलं का नाहीत?"

तो कंगवा पुसत राहिला. स्वच्छ कंगवा. "पहिल्या दिवशी तुम्ही खुर्चीचे हात असे आवळले होते... वाटलं, घाबरून परत येणार नाही. मग वाटलं, टोकं नीट झाली तरी येणार नाही." थांबला. "चुकलं माझं. तुमचे केस होते, आणि मी स्वतःचाच विचार केला."

"किती जातील?"

"चार बोटं."

दार तीन पावलांवर होतं. आईचाही आवाज असाच मऊ होता, दोनच बोटं म्हणताना.

"कोणाची चार?" मी विचारलं.

त्याने माझा हात हातात घेतला, मागे नेला आणि केसांची बट माझ्या चार बोटांवर ठेवली. "तुमची."



मी बसले. डोळे उघडे ठेवले. कच्... कच्... कापड काळं होत गेलं. शेवटी त्यातली एक बट उचलली, बोटांवर मांडली.

चारच.

मी श्वास सोडला. पहिल्यांदाच, त्या खुर्चीत.

"अगंबाई, आज केर भरपूर!" आत्या म्हणाली.

"आता टोकं छान आहेत," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तीन महिने यायची गरज नाही."

मी पर्स उचलली. ठेवली. परत उचलली.

"माझं एक घड्याळ आहे," तो घाईघाईने म्हणाला. "दुरुस्तीला आणू?"

"काय झालंय त्याला?"

"काहीच नाही... व्यवस्थित चालतंय."

मी पर्स पुन्हा खाली ठेवली.

"आणा," मी म्हणाले. "पण वेळ लागेल हं. चिमटा हवेतच चालवावा लागेल."