मास्तरांच्या आगगाडीची फिल्म

"आधी ते मोबाइल ठेवा खाली," मामा म्हणाले.

वीज जाऊन बराच वेळ झाला होता आणि भाचरं गच्चीवर त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसली होती.

"भूत असतं की नसतं, ते मला विचारू नका. घडलं ते सांगतो. ज्याच्यावर बेतलं तो आमच्या शेजारीच राहतो. उद्या जाऊन विचारा हवं तर. तो बोलेल की नाही सांगता येत नाही, पण मान खाली घालेल, एवढं नक्की."

आणि मग त्यांनी सांगितलं ते असं.

या शेजाऱ्याला सगळे फोकस म्हणायचे. लग्नं, वाढदिवस, विकायला काढलेली घरं, मिळेल त्याचं शूटिंग करायचा आणि बोलता बोलता बोटांची चौकट करून समोरच्याकडे बघायचा. वडील शिंपी. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांना ना पान-तंबाखू, ना पत्ते. एकच नाद, आगगाडीचा. वरच्या खोलीत भिंतीला लावून एक लांबलचक टेबल होतं, त्यावर त्यांनी अख्खी रेल्वे उभी केली होती. इंजिन तेवढं विकतचं. बाकी सगळं हातचं. कोटाच्या अस्तराचे डोंगर, लोकरीची झाडं, पुठ्ठ्याचं स्टेशन, आणि टेबलामागच्या त्याच भिंतीवर रंगवलेलं आभाळ. "घरात धड एक कपाट नाही, आणि यांचं रेल्वे खातं जोरात!" असं त्यांची बायको म्हणायची.

पुढे मास्तरांचे पाय गेले. जिना बंद झाला. खालच्या खोलीत पडल्या पडल्या ते मुलाला म्हणायचे, "अरे, तुझा तो छोटा कॅमेरा एकदा डब्यावर बांध ना. मला माझ्या गाडीत बसून फिरून यायचंय."

"उद्या घेतो, बाबा."

तो उद्या काही उजाडेना. परक्यांच्या लग्नात रात्र रात्र उभा राहणारा माणूस, पण घरातला जिना चढायला त्याचे पाय जड व्हायचे. शेवटी मास्तरांनी फारच धोशा लावला, तेव्हा या पठ्ठ्यानं काय करावं? इंटरनेटवरून कुणा भलत्याच माणसाच्या खेळण्यातल्या गाडीची फिल्म शोधली आणि बापाच्या डोळ्यांसमोर धरली. नजर अधू झालेली, म्हाताऱ्याला काय कळणार!

मास्तरांनी ती शेवटपर्यंत पाहिली. मग म्हणाले, "छान घेतलीस हो. दमला असशील. झोप जा."

आठवडाभरानं मास्तर गेले.

"आता नीट ऐका," मामांनी आवाज खाली आणला. "मागच्या वर्षीचा नोव्हेंबर, दुसरा शुक्रवार."

त्या रात्री जेवणं झाली आणि ताटं उचलता उचलता आई फोकसला म्हणाली, "सकाळी शाळेची माणसं गाडी न्यायला येणार आहेत. पोरं खेळतील तरी. बरं, यांना दाखवलीस ती फिल्म मलाही दाखव ना. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते."

फोकसला पाणी पिता पिता ठसका लागला. "असेल कुठेतरी... शोधून ठेवतो. सकाळी दाखवतो."

आली का पंचाईत! जी फिल्म कधी काढलीच नाही, ती सकाळपर्यंत पैदा करायची होती. आईचा दिवा मालवल्यावर, पावणेबाराच्या सुमारास, तो कॅमेरा घेऊन वर गेला.

मास्तर आजारी पडल्यापासून त्या खोलीत कोणी पाऊल टाकलं नव्हतं. बोटभर धूळ. रूळ त्यानं फडक्यानं पुसले, इंजिनापुढे एक उघडा डबा जोडला आणि त्यावर काडेपेटीएवढा कॅमेरा चिकटवला. स्टेशनातले बारके दिवे खुलून दिसावेत म्हणून खोलीतला मोठा दिवा बंद केला. स्वतः दाराजवळ गाडीच्या बटणापाशी उभा राहिला. कॅमेऱ्याला दिसतंय ते त्याच्या फोनवर दिसत होतं.

गाडी निघाली.

आणि फोकस बघतच राहिला. वरून पाहिलं की चिंध्याच त्या, पण गाडीच्या उंचीवरून ते खरे डोंगर झाले. झाडं अंगावर येत होती. बाजूला एक विहीर गेली, तिच्यावर इवलासा रहाट. मास्तरांनी हे सगळं जिथून बघायचं म्हणून घडवलं होतं, तिथून त्यांना ते कधी दिसलंच नव्हतं. त्याचे कान तापले.

दुसरा फेरा. बोगद्यातून बाहेर पडल्यावर गाडी भिंतीच्या कडेनं वळायची. तिथे, रंगवलेल्या आभाळाखाली, काहीतरी काळपट दिसलं. ओल असेल, त्याला वाटलं.

तिसरा फेरा. ओलीला केस होते. पांढरे.

चौथा...

टेबलाच्या काठावर हनुवटी टेकलेली. दोन्ही कोपरं दोन बाजूंना. लहान मूल गाडी बघायला बसतं तसं.

बाबा.

आणि ते गाडीकडे बघत नव्हते. नजर कॅमेऱ्याच्या वरून, थेट तो उभा होता तिथे.

मान वर करायची, की समोरच होतं सगळं. त्यानं केली नाही. फोनमध्येच बघत राहिला. नुसती भीती वाटली असती तर पळाला असता. त्याला लाज वाटली. आयुष्यात कधी वाटली नव्हती तेवढी.

मामा थांबले.

"मग?" धाकटी भाची कुजबुजली.

मामांनी हात वर करून तिला गप्प केलं.

"बाबा..." फोकस म्हणाला. "ती... आपली गाडी नव्हती."

काही नाही. नुसती चाकं.

गाडी बोगद्यात शिरली. वीतभर बोगदा. पण फोनमधला काळोख संपेना. चाकं वाजतायत. काळोख. चाकं...

मग उजेड आला. तेच तोंड. तीच हनुवटी.

या खेपेला डोळे गाडीवर होते.

त्यानं गाडी थांबवली नाही. म्हाताऱ्याची हौस अर्धवट राहील म्हणून, की थांबवल्यावर मान वर करावी लागेल म्हणून, त्याचं त्यालाच ठाऊक. इंजिन तापून आपणहून बंद पडलं, तेव्हा खिडकीत फटफटलं होतं. समोर भिंत होती. तिच्यावरचं आभाळ होतं.

सकाळी त्यानं फिल्म आईला दाखवली. तिच्यात डोंगर होते, विहीर होती, बोगदा होता. माणूस कुठेच नव्हता. आईनं डोळे पुसले.

"आई, ही मी रात्री काढली. बाबांना दाखवली ती..."

"ठाऊक आहे."

"तुला?"

"त्याच रात्री म्हणाले मला. म्हणे, माझी विहीर नाही त्यात. पण पोराला बोलू नकोस, त्याला वाईट वाटेल."

"मग काल मागितलीस कशाला?"

"म्हटलं, मागितली तर काढशील तरी."

त्यानं फोन खिशात घातला.

एवढ्यात शाळेची माणसं आली. "मीही हात लावायला गेलो होतो," मामा म्हणाले. "चौघांनी मिळून टेबल ओढलं. इतकी वर्षं भिंतीला असं घट्ट चिकटलेलं, की निघताना रंगाचा पापुद्रा सोबत आला. शाळेचा शिपाई पलीकडे गेला आणि तिथेच उभा राहिला. म्हणाला, 'अहो, इकडून कोण बसलं होतं?'

"आम्ही जाऊन पाहिलं. भिंतीकडच्या काठावर धूळ साचलेली... आणि त्या धुळीत दोन कोपरांच्या खुणा. स्वच्छ. मधोमध, हनुवटीएवढी पुसलेली जागा.

"फोकसनं पाहिलं. मान खाली घातली. आणि टेबल आणि भिंत यांच्यामध्ये, पोरांनो, कागद सरकवायलाही फट नव्हती."