व्हॉल्व्ह उघडेना

साधं काम होतं. सकाळी नगरहून निघायचं, पाथर्डीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला जी पाणी योजना आहे तिथं जायचं, एक बटण का चालत नाही ते बघायचं आणि उजेडी परत यायचं. मी जावामध्ये वेब प्रोग्राम लिहिते. असली कामं माझी नेहमीची.

योजनेची खोली म्हणजे पत्र्याचं छत, एक कॉम्प्युटर आणि भट्टीसारखा उकाडा. खिडकीतून जमिनीखालच्या मोठ्या टाकीचं झाकण दिसत होतं. गाळ काढायला टाकी रिकामी केली होती, त्यामुळे आजूबाजूच्या गावांचं पाणी बंद होतं. आता पडद्यावरचं 'व्हॉल्व्ह उघडा' हे बटण दाबलं की डोंगरावरचं पाणी टाकीत सुटायला हवं होतं. बटण दाबलं जात होतं. पुढे काहीच घडत नव्हतं.

सुपरवायझर काकासाहेब फोनवर एकेका सरपंचाची समजूत घालत होते. मला बघून म्हणाले, "मॅडम, बायका हंडे घेऊन रस्त्यावर बसल्यात. लवकर बघा."

दाराशी छगनमामा उभे होते. कॉम्प्युटर येण्याआधी तेच मोठं चाक फिरवून व्हॉल्व्ह उघडायचे. ते चाक आता काढून टाकलं होतं. मी खुर्चीत बसल्यापासून मामा माझ्या बोटांकडे बघत होते. मला ते बघणं आवडलं नाही.

मी एकेक गोष्ट तपासत गेले. ब्राउझरमधून निरोप निघत होता, सर्व्हरपर्यंत पोचतही होता. पण तिथला हँडलर, म्हणजे बटण दाबल्यावर जागा होणारा प्रोग्रामचा तुकडा, तो जागाच होत नव्हता. चूक नाही, तक्रार नाही. वाटेत कुणीतरी निरोप्याचा हात धरून ठेवावा तसं.

असं होतं कधी कधी. पानावरची एखादी अट पुरी झालेली नसते, सर्व्हर तिथूनच मागे फिरतो. आणि तो का फिरला ते दाखवायला पानावर जागाच ठेवलेली नसते. मी ती जागा करून दिली. पुन्हा बटण दाबलं.

लाल अक्षरं उमटली.

'आत मानूस हाय.'

"हे कुणी लिहिलं?" मी विचारलं.

"काय लिवलंय?" मामा जागचे हलले नाहीत.

मी वाचून दाखवलं. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली.

माझा संशय पक्का झाला. चाक गेलं, मान गेला; नव्या यंत्राला बदनाम करायला यांनी कुणाकडून तरी हे घालून घेतलं असणार. मी सगळा प्रोग्राम धुंडाळला. डेटाबेस धुंडाळला. ते वाक्य कुठेच नव्हतं. तशी अटच कुणी लिहिलेली नव्हती. तरी बटण दाबलं की तीच ओळ.

"काढून टाका ना ती अट," काकासाहेब फोनवर हात ठेवून म्हणाले. "टाकी सकाळीच साफ झाली. माणसं जीपमधून गेली सुद्धा."

अटी वगळून हँडलर थेट जागा करायला एक शब्द पुरतो. मी तो लिहिला. माउसचा बाण बटणावर नेला...

"मॅडम," मामा हळूच म्हणाले, "जरा थांबता का?"

"तुम्हीच केलंय ना हे?"

"मला यातलं काय कळतंय? पन... लिवलंय ते खरं असलं तर?"

मी चिडून खुर्ची मागे ढकलली आणि उठले. त्यांना एकदा खोटं पाडून मोकळं व्हायचं होतं मला.

मामांनी टाकीचं झाकण सरकवलं. आतून क्लोरीन पावडरीचा आणि कुजलेल्या गाळाचा वास आला. बाहेर रणरणतं ऊन, पण ते शिडीच्या वरच्या पायऱ्यांवरच संपत होतं. खाली नुसता काळोख. मामांनी हाक मारली. हाक आतल्या आत फिरली आणि विरली. मग खालून पाय ओढल्याचा आवाज आला.

"आलो... आलो..."

गाळानं माखलेला एक तरुण वर आला. भीमराज, ठेकेदाराचा मजूर. आत गारवा म्हणून कोपऱ्यात टेकला आणि त्याचा डोळा लागला. बाकीचे झाकण लावून निघून गेले होते.

एका बोटाचं अंतर राहिलं होतं.

भीमराज मात्र मागे वळून टाकीकडे बघत होता. "त्यो म्हातारा न्हाई आला वर?"

"कोण म्हातारा?" मी विचारलं.

"त्यानंच तर हलवून उठवलं की मला. म्हनला, वर बाई बटन दाबतीया. म्या धरून ठिवलंय... तू नीघ."

तो म्हातारा कोण, ते छगनमामांनी विचारलं नाही. त्यांनी मोबाईलचा उजेड आत टाकला. चारी भिंती दिसल्या. कुणी नव्हतं.

तेवढ्यात पाइपाच्या तोंडात हवा गुरगुरली.

"सरका!" मामा ओरडले, आणि पाणी धो धो टाकीत कोसळलं. "आरं, त्यो आत हाय...!" म्हणून भीमराज मटकन खाली बसला.

मी खोलीकडे धावले. काकासाहेबांनीच दाबलं असणार, दुसरं कोण होतं तिथं? ते पलीकडच्या भिंतीला पाठ लावून उभे होते. फोन कानाला, नजर पडद्यावर.

"तुम्ही दाबलंत!"

"नाही मॅडम... मी खुर्चीजवळ सुद्धा गेलो नाही."

माझा विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर आजही पुरता बसत नाही. पण मी मागे ढकललेली खुर्ची टेबलाशी ओढून घेतलेली होती. पडद्यावरची लाल ओळ गेली होती आणि तिथं हिरव्या अक्षरांत व्हॉल्व्ह उघडल्याची नोंद होती. मी काकासाहेबांचे हात बघितले. कोरडे, स्वच्छ.

मग पान बंद करायला मी माउस धरला. त्या उकाड्यात तो गारठलेला होता, आणि माझ्या तळव्याला ओला गाळ लागला.