तीव्र की जुनाट

कॉफीच्या यंत्राने नाणं गिळलं होतं, आणि बान हेवॉन त्याला बुक्क्या मारत होती. शेजारी स्वेटर घातलेला एक उंच माणूस खोकत उभा होता.

"कोणाला दाखवायला आलात?" तिने उगाच विचारलं.

"डॉक्टर ग्वाक. कसे आहेत हो?"

"हाताला गुण आहे म्हणतात. पण लिहायच्या बाबतीत महाकंजूष. माणूस खोकून खोकून अर्धा होतो आणि हे लिहितात एकच शब्द... ब्राँकायटिस. तीव्र की जुनाट, ते काय मी स्वप्नात बघू?"

"अरेरे," तो म्हणाला. त्याने यंत्राच्या बरगडीत एक थाप मारली, कॉफीचा पेला खाली आला, तो तिच्या हातात दिला. मग समोरच्या 'डॉ. ग्वाक तेसन, छातीचे विकार' अशी पाटी लावलेल्या दारातून तो आत गेला आणि टेबलामागच्या खुर्चीत बसला.

हेवॉनने ती कॉफी प्यायलीच नाही.

थोंगयोंग बंदरातल्या त्या रुग्णालयात हेवॉनचं काम एवढंच, की डॉक्टरांनी लिहिलेल्या रोगाला त्याचा ठरलेला संकेतांक लावायचा. ब्राँकायटिस तीव्र असेल तर जे-वीस. जुनाट असेल तर जे-बेचाळीस. काहीच कळलं नाही तर जे-चाळीस, ज्याला तिच्या शेजारच्या टेबलावरची मालसुकताई 'अनाथाश्रम' म्हणायची. पंधरा वर्षांखालचं मूल असेल तर न विचारता तीव्र धरायची मुभा होती. मोठ्या माणसाच्या बाबतीत मात्र डॉक्टरला विचारायचं, आणि विचारतानाही 'तीव्रच ना?' असं म्हणून त्याच्या तोंडात शब्द कोंबायचे नाहीत.

त्या हिवाळ्यात कालवं फोडणाऱ्या निम्म्या बायका खोकत होत्या. डॉक्टर ग्वाक संगणकावरच्या निरोपांना उत्तर देत नसत. मग जिने चढण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"कालवांच्या शेडमधल्या आजी," ती दारातूनच म्हणे. "तीव्र की जुनाट?"

"तुम्हाला काय वाटतं, बान मॅडम?"

"मला वाटून उपयोग नाही. मला वाटण्याचा पगार मिळत नाही."

"आणि चुकून वाटलंच तर?"

"ते घरी गेल्यावर. इथे नाही."

तो हसे. हसताना त्याची डावी भुवई वर जाई, आणि हेवॉन मुद्दाम खिडकीबाहेरच्या बोटी बघत बसे. बोटी काही पळून जात नव्हत्या, पण दुसरीकडे बघायची सोय नव्हती.

"जुनाट," तो शेवटी सांगे. "दर हिवाळ्यात तोच खोकला. बसा ना, जवाचा चहा गरम आहे."

"कामं पडलीत," म्हणत ती बसे.

ही भानगड आधी ओळखली ती मालसुकताईने. एका सकाळी ती चष्मा कपाळावर चढवून म्हणाली, "हेवॉन, तुझ्या त्या डॉक्टरने पोरांच्या नोंदी कशा लिहिल्यात बघितल्यास?"

"माझा कुठला डॉक्टर?"

"बरं, कोणाचा का असेना. पोरांच्या बाबतीत नाही लिहिलं तरी चालतं, तिथे 'तीव्र' म्हणून नेमाने लिहितो. मोठ्यांच्या बाबतीत अडतं, तिथे नेमका गाळतो. आळशी माणूस दोन्हीकडे गाळतो बाई. हा आळशी नाही... हा तुझी वाट बघतो."

हेवॉनने मान खाली घातली. पण कान तापले ते तापलेच. जेवणापर्यंत तिला एकही संकेतांक धड सुचला नाही.

त्याच दुपारी बैठकीत विभागाच्या साहेबांनी तिला उभं केलं. विम्याच्या कार्यालयातून डॉक्टर ग्वाकच्या मोघम, एकशब्दी नोंदींचा गठ्ठा परत आला होता. "कोड तुम्ही लावता, तेव्हा जबाबदारी तुमची," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ती तडक वर गेली.

"तुम्ही मुद्दाम गाळता ना?"

डॉक्टर ग्वाकचा चेहरा पडला. "...हो."

"तुमची गंमत होते, बोलणी मला खावी लागतात."

"माझं चुकलं," तो उठून उभा राहिला. "हे ध्यानातच आलं नाही माझ्या. पुन्हा नाही होणार."

आणि खरोखरच झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या नोंदी अशा यायला लागल्या की शिकाऊ मुलींना दाखवाव्यात. तीव्र, जुनाट, कशामुळे, केव्हापासून, सगळं. विचारायला काही उरलं नाही. जिना तिथेच होता, पण चढायचं कशासाठी?

हेवॉन जिंकली होती आणि तिला जेवण जात नव्हतं.

मग उपाहारगृहात बातमी आली. सक्तीच्या लष्करी नोकरीऐवजी या सरकारी रुग्णालयात काढायची डॉक्टर ग्वाकची मुदत संपत आली होती. सेऊलचा एक मित्र त्याला आपल्या दवाखान्यात बोलावत होता, आणि इथले वरिष्ठही थांबा म्हणत होते. शुक्रवारपर्यंत दोघांनाही उत्तर द्यायचं होतं. तो कोणालाच काही बोलत नव्हता.

"एकदा गेला की गेला," मालसुकताई मुळ्याचं किमची चावत म्हणाली. "सेऊलला गेलेलं माणूस सणालासुद्धा धड येत नाही."

शुक्रवारी सकाळी बंदरावर पाऊस भुरभुरत होता. हेवॉन वर गेली. हातात कागद नव्हता.

डॉक्टर ग्वाक गडबडून उठला. "काय राहिलं? मी तर सगळं लिहिलंय."

"लिहिलंय. एक खोट नाही. त्याचाच वैताग आलाय मला." तिने दार लोटून घेतलं. "सेऊलला चाललात?"

"अजून कळवलं नाही." तो थांबला. "तुम्हाला... काय वाटतं?"

"मला वाटतं, तुम्ही जाऊ नये." एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना. "मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून नाही, पहिल्या दिवशी नुसती लाज वाटली होती. नंतर केव्हातरी. तुम्ही गेलात तर मला फार जड जाईल. एवढंच सांगायला आले."

बाहेर कोणीतरी खोकलं. डॉक्टर ग्वाकने खिशातून फोन काढला आणि नंबर लावला.

"मी येत नाहीये," तो म्हणाला, आणि लगेच फोन कानापासून लांब धरला, कारण पलीकडचा मित्र टिपेला पोचला होता.

"मुलगी आहे ना? खरं सांग! कोण आहे ती?"

डॉक्टरने फोनवर हात ठेवला. त्याचे कान आता तिच्याहून लाल झाले होते. "विचारतोय, तुम्ही कोण. काय सांगू?"

हेवॉनने फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"नमस्कार. मी बान हेवॉन. तुमचा मित्र ज्या मुलीसाठी थांबतोय, ती."

मित्राचा आवाज एकदम मऊ झाला. "केव्हापासून हो?"

"आत्तापासून," ती म्हणाली. "आणि बाहेर पेशंट खोळंबलेत. उरलेलं ओरडणं संध्याकाळी करा, आम्ही दोघं मिळून ऐकू."