शिडीचं दुसरं टोक

आधी शिडी दिसली, माणूस बराच नंतर.

ती नुकतीच बसमधून उतरली होती. एका खांद्याला पिशवी, हातात दोन बंदांची मोठी बॅग आणि डोक्यात एकच विचार – आठ दिवस कुणालाही रस्ता सांगायचा नाही! शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या स्वागतकक्षात ती बसायची. दिवसभर तेच. "सरळ जा, दुसरं वळण डावीकडे, तिथे लिफ्ट." झोपेतसुद्धा ती लोकांना लिफ्टकडे पाठवायची. म्हणून तर बारा वर्षांनी मामाकडे आली होती. उन्हाळा सरत आला होता, नाशपातीची झाडं फळांनी वाकली होती, आणि मामीने फोनवर शब्द दिला होता, "तू फक्त ये. इकडची काडी तिकडे करायची नाही."

आणि गल्लीच्या कोपऱ्यावरून एक लांबलचक लाकडी टोक आलं ते थेट तिच्या पिशवीत घुसलं.

"अहो! अहो, थांबा!"

शिडी थांबली. कोपऱ्यापलीकडून आवाज आला, "कोण आहे?"

"वळणावर ओरडायची पद्धत नाही का इकडे?"

"ओरडलो की."

"मला ऐकू नाही आलं!"

"मनातल्या मनात ओरडलो."

मग डोकं दिसलं. केसांत लाकडाचा भुसा, कानावर पेन्सिल, आणि चूक आपली असूनही चेहऱ्यावर हसू. ते हसू बघूनच तिचं डोकं सणकलं.

"तुम्ही पलीकडच्या मामींची भाची ना? बरं झालं आलात. पुढचं टोक धरा."

"मी सुट्टीवर आलेय."

"शिडीला सुट्टी नसते हो. आणि ही एकट्याने नेलेली कुणी पाहिली तर दोन्ही घरांत रामायण होईल. धरा लवकर."

तिने का धरलं, देव जाणे. इतक्या वर्षांनी मामाच्या अंगणात ती पोचली ती बॅग शिडीच्या पायरीला लटकवून, घामाघूम होऊन.

"मामी, हे काय आहे?" पाणीही न पिता तिने विचारलं.

हे असं होतं. मामा आणि शेजारचे काका यांनी कधीकाळी मिळून एक शिडी घेतली होती. चांगली बारा पायऱ्यांची. अकरा वर्षांपूर्वी ती एका रात्री पावसात बाहेर राहिली आणि फुगली. बाहेर कुणी ठेवली यावरून दोघांचं जे वाजलं, ते बोलणंच बंद झालं. मधल्या कुंपणाला दोघांनीही आपापल्या बाजूने इतके काटे लावले की मांजरसुद्धा गल्लीतून वळसा घालून जायचं. पण नाशपाती काढायला शिडी तर दोघांनाही हवी. म्हणून कायदा ठरला. सकाळी शिडी काकांकडे, दुपारनंतर मामाकडे. आणि नेताना एक टोक आपल्या माणसाने धरायचं, एक त्यांच्या. म्हणजे उद्या पायरी मोडली तर कुणी कुणावर ढकलायला नको.

"इतकी वर्षं मी आणि काकू न्यायचो," मामी म्हणाली. "आता माझे गुडघे गेले, तिची कंबर गेली. त्यांच्याकडे तो पुतण्या आलाय, सुतार आहे. आमच्याकडे… तू आलीस."

"काडीचं काम नाही म्हणाली होतीस!"

"काडी कुठे गं? शिडी आहे."

मामा खुर्चीत बसून हसला. "आली आमची ठिणगी," तो म्हणाला. लहानपणी त्यानेच ठेवलेलं नाव होतं. तिने कपाळाला हात लावला. संध्याकाळी तिने गुडघे गेलेल्या मामीला पळालेल्या कोंबडीमागे असं धावताना पाहिलं की पुन्हा कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवसापासून दोन खेपा सुरू झाल्या. गल्लीला तीन वळणं होती, आणि सुताराला एकही वेळेवर सांगता येत नव्हतं. तो पुढे असला की भिंत जवळ आल्यावर म्हणायचा, "वळण." तोवर तिचा कोपर भिंतीला घासलेला असायचा.

"वळणाच्या आधी सांगायचं असतं, वळल्यावर नाही!"

"आधी सांगितलं तर तुम्ही ओरडणार नाही. मग मजा काय?"

मंगळवारी तिने हट्टाने पुढचं टोक घेतलं. आता आज्ञा तिच्या. "तीन पावलांवर डावं वळण. दोन. एक. वळा." शिडी कशी लोण्यासारखी वळली.

"वा! रोजचं काम दिसतंय."

"रोजचंच आहे. म्हणून तर वैताग आलाय."

पण पुढे राहण्यात एक गोची होती. तो मागे असला की दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा. आणि न दिसणाऱ्या माणसाशी माणूस नको तितकं खरं बोलून जातो. मधल्या बारा पायऱ्यांवरून तिने त्याला काय काय सांगितलं! रस्ता विचारणारे हजार लोक रोज समोर येतात, पण तुम्ही कशा आहात असं एकही विचारत नाही, हेसुद्धा.

मागचं टोक जरा डगमगलं. मग आवाज आला, "कशा आहात?"

"आता विचारून काय उपयोग!" ती फणकाऱ्याने म्हणाली. तिचे कान गरम झाले होते. बरं झालं, मागून दिसत नव्हते… की दिसत होते?

बुधवारी त्याने तिला नाशपाती कशी काढायची ते दाखवलं. ओढायची नाही, तळहातावर घेऊन नुसती वर उचलायची. तयार असेल तर देठ आपसूक सुटतो. नसेल तर सोडून द्यायची. "ओढलीत तर फांदी रागावते." तिने तिसरी नाशपाती मुद्दाम ओढली. फांदी सपकन तिच्या कपाळावर बसली, आणि तो इतका हसला की पलीकडून काकूंनी काय झालं म्हणून विचारलं.

गुरुवारी मात्र कहर झाला. दुपारची खेप निम्म्यावर असताना आभाळ भरून आलं आणि सर आली. शिडी भिजता कामा नये! अकरा वर्षांचं भांडण आणखी बावीस वर्षं चाललं असतं. दोघं शिडी घेऊन धावत सुटले. गल्लीत त्याची सुतारकामाची शेड होती, पण आत लाकूड खचाखच. शिडी कशीबशी तिरपी आत बसली. माणसांना जागाच उरली नाही. वळचणीला दोघं उभे, निम्मं अंग कोरडं, निम्मं भिजलेलं.

"शिडी कोरडी आहे," तो म्हणाला.

"आनंद आहे!"

त्याने कानावरची पेन्सिल काढली, तिच्या कपाळावर चिकटलेली ओली बट पेन्सिलीच्या टोकाने हळूच बाजूला केली. तिचं काळीज असं धडधडायला लागलं की तिला स्वतःचाच राग आला. रविवारी सकाळची बस होती. बारा वर्षांनी एकदा येणारी माणसं अशी धडधडत बसली तर कसं चालेल? याच्या मनात काही असेल तर याने बोलावं, नाही तर ती पेन्सिल कानावर ठेवावी!

राग आला की ती भलतंच बोलायची. आताही बोलली.

"तुम्ही सुतार ना? मग एक दुसरी शिडी बनवून टाकता येत नाही? दोन घरांना दोन. हा रोजचा ताप तरी जाईल डोक्याचा!"

मग पेन्सिल कानावर गेली. "बनवता येईल," तो म्हणाला.

शुक्रवारी शिडीचं दुसरं टोक धरायला काकू आल्या, कंबरेला हात लावून. शनिवारी सकाळीही काकूच. शेडमधून करवतीचा आवाज येत होता. काकू वळणं अगदी वेळेवर सांगायच्या, तरी तिने दोनदा शिडी भिंतीवर आपटली.

"बाळ, लक्ष कुठे आहे तुझं?"

"ऊन डोळ्यांवर येतंय, काकू."

"हो का? शेडकडून?"

आणि शनिवारी दुपारी मामाच्या फाटकाला नवी कोरी शिडी टेकलेली होती.

मामाला अस्मान ठेंगणं झालं. "आता त्यांचं तोंड बघायला नको!" मामी मात्र शिडीकडे बघत राहिली. "मग काकू माझ्याकडे यायची कशी?" ती हळूच म्हणाली. "त्या खेपेतच तर बोलायचो आम्ही. अकरा वर्षं…" पदर डोळ्याला लावून ती आत गेली आणि भांडी आपटू लागली.

भाची तडक शेडवर गेली.

"शिडी केलीस?"

तो भुशात उकिडवा बसला होता. 'तुम्ही'चा 'तू' झालेला त्याला बरोबर ऐकू आला. "तू म्हणालीस म्हणून."

"मी दिवसातून पन्नास गोष्टी बोलते! त्यातली नेमकी हीच ऐकायची होती? मामी रडतेय आत. त्यांच्या गप्पा बंद होणार आता, कळतंय का?"

"फक्त मामींच्याच?"

तिने पायाने भुसा ढकलला. बाहेर कोंबडी ओरडली.

"उद्या सकाळी माझी बस आहे," ती शेवटी म्हणाली, आणि आणखी चिडली. "सुट्टीला आले आणि आठ दिवस ओझी वाहिली. कोपर सोलला, कपाळावर फांदी खाल्ली, भिजले. आणि मूर्खासारखी रोज सकाळी लवकर उठून वाट बघत होते, कधी एकदा ती दळभद्री शिडी उचलते म्हणून! आता कळलं? आणि तू… तू दोन दिवस आलाच नाहीस!"

तो उठला. चेहऱ्यावरचं ते हसू या वेळी नव्हतं.

"मला वाटलं, खरंच वैतागलीस. जाण्याआधी तुझ्या मनासारखं एक तरी करावं. काल दिवसभर तोंड पाडून करवत चालवली. संध्याकाळी काकू आल्या आणि म्हणाल्या, ती शेडकडे बघत चालते, आपली शिडी मोडणार एक दिवस." त्याने मान खाजवली. "मग मी बारा पायऱ्यांची होत आलेली शिडी मोडली आणि नवी मांडली. तू उचलून बघितलीस?"

तेवढ्यात अंगणातून मामाचा आवाज आला. "अरे, ही हलत कशी नाही? कुणीतरी दुसरं टोक धरा रे!"

"सोळा पायऱ्या," सुतार म्हणाला. "दांडे सगळ्यात जड लाकडाचे. तुमच्या घरात ती उचलायला दुसरा माणूस नाही. मामी आहेत, पण त्यांचे गुडघे गेलेत ना… काकूंना यावंच लागणार."

ती हसली नाही. हसायचं नाही असं ठरवलंच होतं तिने. पण ओठांनी ऐकलं नाही.

"आणि माझं काय?"

"तुझ्यासाठी शिडी पुरत नाही. फार लांब राहतेस."

रविवारी सकाळी बॅगेचा एक बंद तिच्या हातात होता, एक त्याच्या. पहिल्या वळणाच्या चांगली दहा पावलं आधी तो म्हणाला, "वळण." दुसऱ्यालाही. तिसऱ्याला तो बोललाच नाही. दोघंही तिथे जरा थांबले, भिंतीच्या आडोशाला, बस चुकेल इतका वेळ नाही, पण थोडा जास्तच.

बस आली. ती पायरीवर चढली आणि वळली. तो खाली, केसांत भुसा.

"गुरुवारी मला शहरात लाकूड घ्यायला यायचंय," तो म्हणाला. "रस्ता माहीत नाही."

आठ दिवस कुणालाही रस्ता सांगायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. आठवा दिवस अजून संपला नव्हता.

"स्टॅंडवरून सरळ यायचं," ती म्हणाली. "दुसरं वळण डावीकडे. मोठं इस्पितळ. दारातून आत आलास की समोर मी बसलेली असते." बस हलली, तशी ती खिडकीतून ओरडली, "पुढे कुठेही जायचं नाही!"